जड व नाजूक पार्सलांची वाहतूक : जबाबदारी कोणाची, भरपाई किती?

दक्षिण दिल्लीतील सरोजिनी नगर हे नाव देशभर तेथील कपड्यांच्या बाजारामुळे परिचित असले, तरी मूळची ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. पूर्वी ती विनय नगर या नावाने ओळखली जात असे. बदलीच्या निमित्ताने दिल्लीत आलेल्या मराठी कुटुंबांनीही येथील सरकारी निवासस्थानांत वास्तव्य केले आहे. जुलै २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासास मंजुरी दिली. त्यात सरोजिनी नगरचाही समावेश होता. त्यानंतर जुनी निवासस्थाने टप्प्याटप्प्याने रिकामी करण्यात आली.

बदली असो, निवृत्ती असो वा घर रिकामे करणे असो, संपूर्ण बिऱ्हाडासाठी मालमोटार ठरवता येते. प्रश्न उरतो तो सुट्या वस्तूंचा. आईचे शिवणयंत्र, दगडी पाटा-वरवंटा, लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या, आणि एखाद्या घरी मिरजेचा तंबोरा. या वस्तू पार्सलने पाठवाव्या लागतात, आणि तक्रारींना सुरुवात येथूनच होते. वस्तू फुटते, आकार अपेक्षेपेक्षा दुप्पट-तिप्पट लागतो आणि भरपाई मागितल्यास पावतीच्या मागील बारीक अक्षरांतील अटींकडे बोट दाखवले जाते.

वजन काट्यावरचे आणि वजन आकारमानाचे

विमानमार्गे जाणाऱ्या पार्सलाचे शुल्क केवळ काट्यावरील वजनानुसार ठरत नाही. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार केला जातो आणि त्यास साधारणतः ५,००० ने भागले जाते. येणारा आकडा म्हणजे आकारमानाचे वजन. प्रत्यक्ष वजन आणि हे वजन यांपैकी जे अधिक, त्यावर शुल्क आकारतात.

तंबोऱ्याचे उदाहरण घेऊ. भोपळ्याभोवती पुरेशी गादी ठेवायची, तर सुमारे १५० सेंटिमीटर लांब, ५० रुंद आणि ४५ उंच खोके लागते. वाद्य आणि खोके मिळून दहा-बारा किलो भरले, तरी आकारमानाचे वजन ६७.५ किलो येते. ग्राहकाला ही फसवणूक वाटते. मात्र विमानातील जागा मर्यादित असल्याने या पद्धतीमागील तर्क चुकीचा म्हणता येत नाही. आक्षेपार्ह आहे ते एवढेच, की हा हिशेब अनेकदा माल ताब्यात घेतल्यानंतर सांगितला जातो.

रेल्वेत जड आणि अवजड असा भेद केला जातो. ब्रेकयानातून जाणारा नग १०० किलोपेक्षा जड असल्यास, अथवा १ मीटर × १ मीटर × ०.७ मीटर या मापापेक्षा मोठा असल्यास त्याची गणना अवजड सामानात होऊन दुप्पट आकारणी होते.

रेल्वेची जबाबदारी

रेल्वे अधिनियम, १९८९ नुसार वाहतुकीदरम्यान मालाची हानी झाल्यास रेल्वे प्रशासन सर्वसाधारणपणे जबाबदार असते. नैसर्गिक आपत्ती, युद्ध यांसारखी कारणे त्यास अपवाद आहेत. मात्र माल मालकाच्या जोखमीच्या सवलतीच्या दराने पाठवलेला असल्यास, रेल्वेचा अथवा तिच्या कर्मचाऱ्यांचा निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही. आरक्षण करताना अर्जावरील या एका रकान्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही.

दुसरी मर्यादा रकमेची आहे. १९९० च्या नियमांनुसार, मालाचे मूल्य जाहीर करून त्यावरील टक्केवारी शुल्क भरलेले नसल्यास, जबाबदारी प्रवासी सामानासाठी किलोमागे १०० रुपये आणि इतर मालासाठी किलोमागे ५० रुपये एवढीच राहते. म्हणजे ३० किलोचे शिवणयंत्र पार्सल म्हणून पाठवले आणि ते गहाळ झाले, तर जास्तीत जास्त १,५०० रुपये. मूल्य जाहीर करण्यास खर्च येतो हे खरे, परंतु मौल्यवान वस्तूच्या बाबतीत तो टाळणे परवडणारे नाही.

टपालाचे कायदेशीर संरक्षण

टपाल खात्याची स्थिती सर्वस्वी वेगळी आहे. भारतीय टपाल कार्यालय अधिनियम, १८९८ च्या कलम ६ नुसार, सरकारने स्पष्टपणे स्वीकारलेल्या जबाबदारीखेरीज टपाल हरवणे, उशीर होणे वा त्याची हानी होणे यांसाठी सरकार उत्तरदायी नव्हते. ग्राहक न्यायालयांत हे कलम शतकभरानंतरही ढालीसारखे पुढे केले जात असे. टपाल कार्यालय अधिनियम, २०२३ हा नवा कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला, पण विहित केलेल्या जबाबदारीपलीकडे उत्तरदायित्व नाही हे तत्त्व त्याच्या कलम १० मध्येही कायम आहे. स्पीड पोस्ट सेवा १ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झाली. १९९९ मध्ये या सेवेसाठी गहाळ वा खराब झालेल्या वस्तूची भरपाई शुल्काच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यांपैकी कमी असेल ती, अशी ठरवण्यात आली होती. मूल्यवान वस्तू टपालाने पाठवताना विमा उतरवण्याचा आग्रह धरला जातो, तो यामुळेच.

एकेकाळी टपाल कचेरीच्या दारात बसलेला शिंपी पार्सल पांढऱ्या कापडात शिवून देत असे आणि टाक्यांवर लाखेच्या मोहोरा उमटत. त्याने वस्तू फुटायची थांबत नसे. पण वाटेत कोणी पार्सल उघडले की नाही, हे मात्र लगेच कळत असे.

खासगी वाहतूकदार

रस्तामार्गे होणाऱ्या मालवाहतुकीसाठी १८६५ चा जुना कायदा रद्द करून रस्ते वाहतूक अधिनियम, २००७ करण्यात आला व तो १ मार्च २०११ पासून अमलात आला. त्याखालील २०११ च्या नियमांनुसार, पाठवणाऱ्याने अधिक मूल्य जाहीर केलेले नसल्यास वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित आहे. भाडे ६०० रुपये असेल, तर मर्यादा ६,००० रुपयांची. दावा दाखल करण्यापूर्वी वाहतूकदारास आरक्षणाच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस देणे बंधनकारक आहे.

कुरिअरच्या पावतीवरील अटींबाबत भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल हा सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल महत्त्वाचा मानला जातो. जर्मनीला पाठवलेली कागदपत्रे न पोहोचल्याने राज्य आयोगाने ४ लाख रुपयांहून अधिक भरपाई दिली होती. पावतीवर स्वाक्षरी केलेली असल्याने १०० डॉलरची मर्यादा ग्राहकावर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

बांधणी आणि ताबा

'काच, सांभाळा' या चिठ्ठीवर फारसे विसंबून राहता येत नाही. वर्गीकरण केंद्रात खोकी सरकत्या पट्ट्यावरून जातात, एकमेकांवर रचली जातात आणि गाडीत सर्वांत खाली कोणते जाईल ते घाईवर ठरते. म्हणून जड वस्तूसाठी दुहेरी थराचा पन्हळी पुठ्ठा वापरावा. नाजूक वस्तूसाठी खोक्यात खोके ठेवून सर्व बाजूंनी किमान पाच सेंटिमीटर गादी द्यावी. खोके हलवल्यावर आत काही सरकल्याचे जाणवल्यास बांधणी अपुरी आहे, असे समजावे. ताटल्या आडव्या न रचता उभ्या ठेवाव्यात. पाटा आणि बरणी एकाच खोक्यात कधीही नकोत.

प्रस्तुत लेखकाच्या घरी मिरजेहून एका वाहतूकदारामार्फत आलेल्या तंबोऱ्याचा भोपळा तडकला होता. खोके बाहेरून एका कोपऱ्यात दबलेले होते, तरीही 'माल सुस्थितीत मिळाला' या ओळीखाली स्वाक्षरी झाली आणि विषय तेथेच संपला. तडकलेला भोपळा सांधता येतो, पण त्याचा पूर्वीचा नाद परत येईलच असे नाही. मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तो कारागिराच्या हातून ऐकणाऱ्याच्या घरी कसा पोहोचवायचा, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे.

दबलेले, ओले वा फाटलेले पार्सल आल्यास पोचपावतीवर तसा शेरा लिहूनच स्वाक्षरी करावी आणि उघडण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे. रेल्वेच्या बाबतीत कायद्याच्या कलम ८१ नुसार, खराब अवस्थेत आलेला माल कर्मचाऱ्यांसमोर उघडून ताब्यात देण्याची मागणी करता येते.

रेल्वेविरुद्धच्या मालभरपाईसाठी सहा महिन्यांच्या आत नोटीस देऊन रेल्वे दावे न्यायाधिकरणाकडे जावे लागते. त्याचे प्रधान पीठ दिल्लीत आहे. खासगी वाहतूकदाराविरुद्ध दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ही तक्रार ग्राहकाला स्वतःच्या निवासाच्या ठिकाणी दाखल करता येते. त्यामुळे दिल्लीहून पाठवलेल्या पार्सलासाठी सांगली वा नागपूरच्या रहिवाशाला दिल्लीचे हेलपाटे घालावे लागत नाहीत. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ असा आहे.