अकराने गुणा, साताने भागा

2025 साली चार ग्रहणं होती, दोन सूर्याची आणि दोन चंद्राची. शहापूर-मुरबाडच्या वाट्याला त्यातलं एकच आलं: 7 सप्टेंबर, भाद्रपद पौर्णिमा, अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस. स्पर्श रात्री 9 वाजून 57 मिनिटांनी. पाडव्याला नवं पंचांग घरात आलं तेव्हाच ही वेळ त्यात छापलेली होती. भाद्रपदात ऐन वेळी ढग आडवे येतील की नाही, हे आदल्या दिवशीही कोणी छातीठोक सांगत नाही. सावलीचं मात्र सगळं मिनिटावर ठरलेलं.

ग्रहण आधी सांगण्याच्या या विद्येचा पहिला मान बाबिलोनच्या टिपणकारांचा. मातीच्या विटांवर पिढ्यान्‌पिढ्या नोंदी ठेवून त्यांनी ताडलं, की अठरा वर्षं आणि दहा-अकरा दिवसांनी तेच ग्रहण पुन्हा येतं. पण या चक्रात दिवसाचा एक तृतीयांश भाग उरतो, आणि तिथेच घोटाळा होतो. 2025च्या या ग्रहणाचं मागचं भावंड 28 ऑगस्ट 2007चं, नारळी पौर्णिमेचं. त्याचा मध्य दुपारी चारच्या सुमारास. आपल्याकडे चंद्र उगवायच्या आत सगळा खेळ आटोपलेला! नुसत्या आवर्तनावर विसंबणारा जोशी इथे तोंडघशी पडला असता. आपल्या गावातून काय दिसणार ते सांगायचं तर गणित मांडण्यावाचून गत्यंतर नाही.

ग्रहण म्हणजे सावली, हे आर्यभटाने 499च्या सुमारास स्वच्छ लिहून ठेवलं होतं. पण सिद्धांतग्रंथांची आकडेमोड अजस्र. कलियुगाच्या आरंभापासूनचे दिवस मोजायचे, म्हणजे सोळा-सतरा लाख, आणि वर ज्यांची, म्हणजे साइनची, कोष्टकं. गावच्या जोशाच्या आवाक्यातलं हे काम नव्हतं.

ते आवाक्यात आणलं कोकणातल्याच माणसाने. मुरुड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचा गणेश दैवज्ञ. वडील केशव हे आकाशाचे वेध घेणारे ज्योतिषी, आणि त्यांच्या वेधांचा मुलाला उपयोग झाला. शके 1442मध्ये, म्हणजे 1520 साली, गणेशाने ‘ग्रहलाघव’ रचला. त्यात त्याने ज्या साफ काढून टाकल्या आणि काळाचे अकरा-अकरा वर्षांचे तुकडे पाडले, प्रत्येक 4016 दिवसांचा. लाखांचा हिशेब चार आकड्यांत आला. नांदगाव आणि शहापूर यांच्या रेखांशांत जेमतेम अर्ध्या अंशाचा फरक आहे. उज्जैनीच्या मध्यरेषेपासून मात्र आपण सुमारे अडीच अंश पश्चिमेला, म्हणजे दहा मिनिटं, जुन्या हिशेबात पंचवीस पळं मागे. तेवढा देशांतर-संस्कार जोशाला करावाच लागे.

आता गणेशाची रीत चालवून पाहू. पौर्णिमेच्या क्षणी सूर्य काढायचा आणि त्यातून राहू वजा करायचा. इथला राहू राक्षस नव्हे. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते, तो बिंदू. त्या बिंदूपासून किंवा त्याच्या समोरच्या केतूपासूनचं अंतर 14 अंशांच्या आत असेल तरच ग्रहणाचा संभव, नाहीतर पाटी पुसून टाकायची. 7 सप्टेंबरला हे अंतर सुमारे 3 अंश होतं. त्याला अकराने गुणा, साताने भागा: पावणेपाच अंगुळं. हा चंद्राचा शर, म्हणजे सावलीच्या मध्यापासून तो किती बाजूला आहे ते. चंद्राचं बिंब सरासरी पावणेअकरा अंगुळं, पृथ्वीची सावली सत्तावीसच्या आसपास. दोहोंच्या बेरजेचं निम्मं एकोणीस, त्यातून शर वजा जाता सव्वाचौदा उरतात. हा ग्रास. तो बिंबाहून मोठा, म्हणून खग्रास. पाटी, पेन्सिल आणि पाढे येणारा माणूस, एवढ्या सामग्रीवर हे होतं. मला गणेशाची थोरवी इथे दिसते. सूर्यग्रहणात लंबन आणि नती या जागेनुसारच्या दुरुस्त्यांची भानगड वाढते, कारण चंद्राची सावली गावागणिक वेगळी पडते.

1831 साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं आणि जोशाची पाटी हळूहळू निकामी होऊ लागली. तोवर ग्रहलाघवाचे आकडेही शिळे झाले होते. केरो लक्ष्मण छत्र्यांनी युरोपीय कोष्टकांच्या आधारे 1860 साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ काढली आणि त्यावर पटवर्धनी पंचांग उभं राहिलं. पुढे त्यांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक पंचांगशोधनात उतरले. अयनांश कोणता धरायचा, म्हणजे राशिचक्राचा आरंभ कुठे मानायचा, यावर जे रण माजलं, ते अजून पुरतं शमलेलं नाही. गंमत अशी, की ग्रहणाला अयनांशाचं सोयरसुतक नाही. सूर्य, चंद्र आणि राहू यांची एकमेकांपासूनची अंतरं तेवढी लागतात. म्हणून सणावारांवर भांडणारी पंचांगं ग्रहणाला गुण्यागोविंदाने एकच वेळ छापतात.

पंचांगात त्या वेळेच्या शेजारीच वेध, गरोदर बाईने काय चिरू नये आणि कोणत्या राशीला काय फळ, हेही छापलेलं असतं. ते गणेशाच्या ग्रहणगणितातून निघत नाही. ग्रहणाच्या वेळी परातीत उभं राहणारं मुसळ एरवीही सपाट बुडावर धीराने उभं केलं तर राहतं. आणि ‘दे दान, सुटे गिरान’ अशी हाळी देत दारोदार फिरायची पाळी गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांवर आली, तीही काही राहूने आणली नव्हती.

पुढची एक तारीख लिहून ठेवा: 31 डिसेंबर 2028, पौष पौर्णिमा. म्हणजे मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावच्या म्हसोबाच्या यात्रेचा दिवस. रात्री साडेआठनंतर चंद्राला ग्रहण लागेल, पावणेदहा ते अकरा खग्रास असेल आणि मोक्ष मध्यरात्रीनंतर. हिवाळ्याचं आभाळ असल्याने ढगांची धास्तीही कमी. म्हशाच्या बैलबाजाराला जाणार असाल, तर जेवून घ्या आणि वर बघा.