सुवोरोव्ह : सैनिकांचा सेनापती आणि प्रागाचा विजेता

(प्रार्थनेनंतरच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा ध्वनिमुद्रणावरून उतरविलेला मजकूर)



दरवर्षी ९ मे रोजी आपल्या गावातील वृद्ध रशियन शेजारी छातीवर युद्धातील पदके लावून बाहेर पडतात, हे आपण पाहतो. रशियात सेनापतींना देण्यात येणाऱ्या एका मोठ्या सन्मानाला अलेक्सांद्र सुवोरोव्ह याचे नाव आहे. त्याच्याविषयी आज बोलावे असे मी योजिले आहे.

सुवोरोव्हचा जन्म १७३० सालचा मानतात. मृत्यू १८०० सालचा. बालपणी तो प्रकृतीने नाजूक होता. पण पुढे एकही मोठी लढाई तो हरला नाही. अचूक नजर, वेग आणि धडक ही त्याच्या युद्धविद्येची तीन सूत्रे होती. त्या काळी युरोपातील सैन्ये लांबच लांब रांगा धरून एकमेकांवर गोळीबार करीत. बंदुकीचा नेम बेभरवशाचा असल्यामुळे सुवोरोव्हचा भर संगिनीवर आणि झटपट हालचालींवर असे. १७८९ साली रिम्निकच्या लढाईत ऑस्ट्रियन मित्रसैन्यासह त्याच्याजवळ सुमारे २५ हजार माणसे होती; समोर तुर्कांची सेना कित्येक पटींनी मोठी. त्याने पायदळाचे लहान लहान चौकोन केले. घोडदळ कोणत्याही बाजूने आले तरी पुढे संगिनीच येत.

पुढच्या वर्षी डॅन्यूब नदीवरील इस्मायलच्या किल्ल्याचा वेढा रशियन सेनाधिकारी उठविण्याच्या बेतात होते. सुवोरोव्हने तेथे येताच किल्ल्यासारखाच तट व खंदक तयार करविले आणि सैनिकांकडून शिड्या लावण्याचा सराव करून घेतला. डिसेंबर १७९० मध्ये पहाटेपूर्वीच्या अंधारात हल्ला झाला व त्याच दिवशी किल्ला पडला. सुमारे ३५ हजारांच्या शिबंदीपैकी बहुतेक मारले गेले, आणि शहर लुटीसाठी मोकळे सोडण्यात आले.

मी आयुष्यभर परिचारिका होते. म्हणून त्याच्या कर्तृत्वाची दुसरी बाजू मला अधिक ओढून घेते. सैनिकांना कळेल अशा भाषेत त्याने विजयाची विद्या लिहिली, आणि तीत आरोग्याला मानाचे स्थान दिले. तेव्हाच्या लष्करी इस्पितळांचा त्याला धसका होता, आणि तो अनाठायी नव्हता. कोंदट जागेत दाटीवाटीने ठेवलेले रुग्ण एकमेकांच्या तापाने मरत. १७९३ साली बेलोपोल्स्की नावाच्या वैद्याने सुवोरोव्हच्या संमतीने वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी नियम केले. त्यांचा गाभा असा, की आजाराचे कारण इस्पितळातील रुग्णांत न शोधता पलटणीतील धडधाकट माणसांच्या राहणीत शोधावे : त्यांचे पाणी, त्यांचे अन्न, त्यांची झोप, त्यांच्यावर पडणारा श्रमांचा भार. क्रिमियाच्या युद्धातील फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या कार्याच्या साठ वर्षे आधीची ही गोष्ट आहे. रोग होऊ न देणे ही शुश्रूषेची पहिली पायरी, असे आम्हाला शिकविले गेले. ती पायरी या सेनापतीला ठाऊक होती.

आणि तरीही प्रागा घडले. हे प्रागा म्हणजे चेक लोकांचे प्राग शहर नव्हे. व्हिस्तुला नदीच्या पूर्वतीरावरील ते वॉर्साचे उपनगर. १७९४ साली कोशच्युश्को याच्या नेतृत्वाखाली पोलिश जनता रशियाविरुद्ध उठली. त्या उठावात बेरेक योसेलेविच या यहुदी गृहस्थाने सुमारे पाचशे यहुदी स्वयंसेवकांचे घोडदळ उभारले. आपले पूर्वजही त्याच शतकात कंपनी सरकारच्या पलटणींत शिरले होते. तेव्हा यहुदी सैनिक ही गोष्ट आपल्याला परकी नाही. ४ नोव्हेंबर रोजी सुवोरोव्हने प्रागावर हल्ला केला. काही तासांत तटबंदी कोसळली, आणि मग सैनिक घराघरांत शिरले. स्त्रिया, मुले, वृद्ध, ख्रिस्ती, यहुदी, हजारोंची कत्तल झाली. योसेलेविच वाचला, त्याची पलटण जवळजवळ नाहीशी झाली. या विजयाबद्दल सम्राज्ञी कॅथरीनने सुवोरोव्हला फील्डमार्शल केले.

पुढे १७९९ साली त्याने उत्तर इटलीत फ्रेंचांचा पराभव केला आणि उपाशी, अनवाणी सैन्य आल्प्सच्या बर्फातून बाहेर काढले. परतल्यावर झारची मर्जी उतरली आणि तो उपेक्षेत वारला. १९४२ साली, हिटलरचे सैन्य व्होल्गाच्या दिशेने सरकत असताना, सोव्हिएत सरकारने त्याच्या नावाचा सन्मान स्थापिला. पहिल्या श्रेणीतील पहिला मानकरी मार्शल झुकोव्ह. त्याच लाल सैन्याने २७ जानेवारी १९४५ रोजी ऑश्विट्झचे दरवाजे उघडले.

मग या नावाशी आपण कसे वागावे? माझ्या वॉर्डात एक वृद्ध रशियन यहुदी गृहस्थ होते. बर्लिनपर्यंत लढलेले. सुवोरोव्हचे नाव ते वडिलांचे घ्यावे तसे घेत. एका रात्री मी त्यांना प्रागाविषयी विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "सिस्टर, शाळेत आम्हाला हे पान शिकविले नाही."

त्यांचा अभिमान मला हिरावून घ्यायचा नव्हता. तो त्यांनी रक्त सांडून मिळविला होता. पण पान शिकविले नाही म्हणून ते फाटत नाही. रुग्णाच्या तक्त्यावर ताप उतरल्याची नोंद होते तशी चढल्याचीही होते. एकच लिहिली तर पुढच्या पाळीची परिचारिका फसते. आपली नातवंडे येथे रशियन मुलांच्या शेजारी बसून शिकतात. त्यांनी इस्मायलचा सेनापती विचारला, तर त्याची शिस्त व सैनिकांविषयीची माया अवश्य सांगा. आणि त्याच दमात प्रागा सांगा, योसेलेविचच्या पाचशे स्वारांसह.