तळटीप : माकड आणि सापाची भीती

१. माकडाला सापाची भीती जन्मतःच असते, हे लेखकाचे विधान अपुरे आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सुसान मिनेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात ऱ्हिसस जातीच्या (उत्तर भारतात सर्वत्र दिसणाऱ्या, तांबड्या तोंडाच्या) माकडांवर प्रयोग केले. प्रयोगशाळेत वाढलेली माकडे सापाला बिचकत नसत. त्याच्या पलीकडे ठेवलेला खाऊ हात लांबवून बेधडक घेत. पण रानात वाढलेले आपले आई-बाप साप पाहून भेदरलेले दिसले, की तीही लगेच भेदरू लागत, आणि ती भीती तीन महिन्यांनीही टिकून असे. साप चावला नव्हता, शिक्षाही झाली नव्हती. याउलट रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव यांच्या प्रयोगातल्या कुत्र्यांना मेट्रोनोमच्या (ठरावीक लयीत ठोके देणाऱ्या यंत्राच्या) ठोक्यांमागून अन्न प्रत्यक्ष, आणि वारंवार, मिळावे लागे. तेव्हा कुठे नुसत्या ठोक्यांनी लाळ सुटे. इथे दुसऱ्याचा अनुभव पाहणे पुरले. याच मालिकेतला पुढचा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. चित्रफितीत फेरफार करून माकड फुलांना घाबरते आहे असे दाखवले, तेव्हा पाहणारी माकडे फुलांना मुळीच घाबरली नाहीत. भीती शिकावीच लागते. मात्र कोणती चटकन शिकायची, याचा कल उपजत असावा, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. — संपा.