हराळी, कुंदा आणि लोखंडी नांगर

भाद्रपदांत गणपतीला एकवीस दूर्वा वाहतांना शहरांतील गृहस्थाच्या मनांत क्वचितच येत असेल कीं, हेंच गवत दख्खनच्या शेतकऱ्याचें पिढीजाद वैरी होय. देव्हाऱ्यांत ती दूर्वा, शेतांत हराळी. वैदिक मंत्रकर्त्यांनीं पेऱ्यापेऱ्यांतून उगवणारी म्हणून तिची स्तुति केली. कुणब्यानें त्याच गुणासाठीं तिला शिव्या दिल्या. निरीक्षण दोघांचेंहि अचूक होतें.

तिचा जोडीदार कुंदा. काळ्या भारी जमिनींत त्याचीं मुळें हातभराहूनहि खोल जातात. वरून कितीहि कापा, पाऊस पडतांच रान पुन्हां हिरवें. हलका देशी नांगर जमीन चिरीत असे, उलथीत नसे. त्याचा फाळ हराळीच्या मुळ्या तोडून शेतभर पसरी, आणि पेरें शाबूत असलेला प्रत्येक तुकडा नवें झाड होई. खोल जाणारा जड लांकडी नांगर होता, परंतु त्याला तीन-चार बैलजोड्या लागत. १८७६-७८ च्या आणि पुढें १८९६ ते १९०० च्या दुष्काळांत दावणीच्या दावणी ओस पडल्या. ज्याच्याजवळ एकच जोडी उरली त्याची जमीन हराळीनें गिळली, तर तो त्याचा आळस म्हणावा काय? कुदळीनें खणावें तर मजुरी परवडत नसे, आणि सारा तर पडीक जमिनीवरहि द्यावा लागे.

अशा वेळीं, १९०३ सालीं, बेळगांवास लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर तयार केला. हा माती उलथून टाकणारा. पण लोखंडानें जमिनींत विष भिनेल अशी लोकांस धास्ती. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारें दोन वर्षें गेलीं. पुढें औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळ जागा दिली व १९१० मध्यें किर्लोस्करवाडी वसली. ती जागाहि निवडुंगानें व नागांनीं भरलेली! नांगराच्या कारखानदारांस प्रथम स्वतःचेंच रान साफ करावें लागलें.

तथापि केवळ लोखंडानें हें काम होत नाहीं. रब्बीचें पीक निघाल्यावर जमीन उलथावी आणि ढेकळें तशींच चैत्र-वैशाखाच्या उन्हांत पडूं द्यावीं, म्हणजे मुळ्या वाळून मरतात. उरलेल्या बायका वेंचून जाळतात. तोच नांगर पावसाळ्यांत घातला तर उलथलेली हराळी चार दिवसांत पुन्हां मूळ धरते.

बुंदेलखंडाकडे हेंच संकट कांस या गवताचें. तेथें बैलांचें बळ सर्वस्वीं अपुरें पडलें. तें निर्मूलन करणाऱ्या ट्रॅक्टरांसाठीं भारतानें १९४९ सालीं जागतिक बँकेकडून एक कोटि डॉलर कर्ज घेतलें. एका गवतापायीं एवढें कर्ज, हें ऐकून घरच्या बागेंत बसून हराळी उपटणाऱ्याला थोडा धीर यावा!

बागेंतहि रीत तीच. वैशाखांत त्या वाफ्याचें पाणी तोडावें, कुदळीनें खोल खणावें, ढेकळें हातानें फोडून पांढरी मुळी शेवटपर्यंत काढावी. काढलेले तुकडे खताच्या खड्ड्यांत टाकूं नयेत. कडक वाळवून जाळावे. गणपतीपुरत्या दूर्वा मात्र एखाद्या कुंडींत राखाव्या, आणि कुंडी फरशीवर ठेवावी.