थळ, सर्व्हे नंबर आणि गट

शिरूर किंवा दौंड तालुक्यातील जुन्या खरेदीखतातली जमीन आजच्या सातबाऱ्यावर शोधू गेल्यास ती बहुधा सापडत नाही. जमीन तिथेच असते. बदललेले असते ते तिचे नाव.

ब्रिटिशपूर्व काळात शेत थळाने ओळखले जाई. थळाला मूळ मिरासदार घराण्याचे नाव असे आणि घराणे बुडाले तरी ते टिके. थळझाडा म्हणजे अशा थळांची नोंद. १८३५-३६ मध्ये शेजारच्या इंदापुरात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नवी मोजणी आरंभिली. एका बैलजोडीला कसता येईल असा तुकडा आता सर्व्हे नंबर झाला. वाटण्या होताच त्याला हिस्सा नंबर जोडले गेले. पुढे १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यान्वये अनेक गावांत गट नंबर आले.

या बदलाविषयी हळहळताना आम्ही एक गोष्ट विसरू इच्छित नाही. थळाच्या नावात मिरासदार होता, उपरी कूळ नव्हते. पण क्रमांकाने तरी रयत कुठे सुरक्षित झाली? १८७५ च्या मे महिन्यात सुप्यात भडकलेला उठाव भीमथडी व शिरूर भागांत पसरला, तेव्हा जाळले गेले ते सावकारांचे कर्जरोखेच.

आजही आजोबांच्या खतातला सर्व्हे नंबर आणि नातवाच्या सातबाऱ्यावरचा गट यांना जोडते ते एकत्रीकरणाचे जुन्या-नव्या नंबरांचे पत्रक. पाठभेद जुळवणाऱ्या अभ्यासकाला त्याचे मोल सांगावे लागू नये. ते पान फाटले, तर खत खरे असूनही नातवाला आपले शेत दाखवणे कठीण होते.