खोडवा, पिलबाग, फरदड : शेतीच्या सामाईक परिभाषेसाठी तीन सूचना

ऊस तोडल्यावर त्याच बुडख्यांतून येणारे पीक म्हणजे खोडवा. केळीचा घड कापल्यावर खोडालगतच्या पिलावर धरलेली बाग म्हणजे पिलबाग. कपाशीची वेचणी सरल्यावर पुन्हा पाणी देऊन त्याच झाडांवर घेतलेले पीक म्हणजे फरदड. इंग्रजीत तिन्हींना ‘रॅटून’ हा एकच शब्द. शेतकरी तीन शब्द राखून आहे, कारण तिन्ही पिकांचा हिशेब वेगळा. मग सर्वांसाठी एक परिभाषा करायची, तर यांतले दोन शब्द पुसायचे का?

परिभाषा घडवण्याची आपली परंपरा जुनी आहे. शिवकाळात रघुनाथपंतांच्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि पुढे शास्त्रविषयांचे परिभाषा कोश निघाले. त्यांत कृषिशास्त्राचाही आहे. या कामाचे मोल मोठे आहे. पण कोशातला कोणता शब्द बांधापर्यंत पोचला, याची तपासणी कोशाबाहेरच करावी लागते.

पाटबंधाऱ्यांचे शब्द पाहा. सांडवा, चारी, पाणीपाळी हे शब्द सरकारी कागदावर आहेत आणि शेतकऱ्याच्या तोंडीही. वितरिका, विमोचक, लाभक्षेत्र हे मात्र बहुधा कागदावरच राहिले. पहिले शब्द पाण्याजवळ जन्मले, दुसरे टेबलावर.

धुळे जिल्ह्यात पांझरेवर आणि नाशिककडे मोसम-आरमच्या खोऱ्यांत चालत आलेल्या फड पद्धतीकडे तर पूर्ण परिभाषाच होती. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली भिजणारे सगळे क्षेत्र म्हणजे थळ, थळाचे भाग म्हणजे फड. एका फडात एका हंगामात एकच पीक. पाणी देणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या. इथे प्रत्येक शब्दामागे एक जबाबदारी उभी आहे.

नवा शब्द रुजतच नाही, असेही नाही. जळगावच्या परिसरात नळीतून थेंबाथेंबाने पाणी देण्याचे तंत्र पसरले, तेव्हा ‘ठिबक’ हा शब्द सोबत गेला. ठिबकणे हे क्रियापद घरोघरी होतेच. नव्या यंत्राला त्याने नाव दिले. आज ‘ठिबक केले’ एवढे म्हटले तरी पुरते.

शब्दाची निवड ही हौसेची बाब नाही. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने कपाशीचे मोठे नुकसान केले. हंगाम लांबवल्यास अळीला पुढे खाद्य मिळत राहते, म्हणून कृषी विभाग ‘फरदड घेऊ नका’ असे सांगत आला आहे. तिथे ‘पुनरुत्पन्न कापूस पीक’ असे काही लिहिले असते, तर सूचना वाचूनही कळली नसती.

या आधारावर तीन सूचना मांडतो. पहिली : ‘रॅटून’साठी ‘फुटवा पीक’ हा शब्द घ्यावा, पण फक्त मथळ्यापुरता, त्याखाली खोडवा, पिलबाग, फरदड ही नावे पिकासह जशीच्या तशी नोंदवावीत. दुसरी : मोठ्या धरणाचे ते लाभक्षेत्र राहू द्यावे, एका पाणी वापर संस्थेच्या हद्दीला मात्र ‘थळ’ म्हणावे. २००५ च्या कायद्याने शेतकऱ्यांकडे पाण्याचे व्यवस्थापन सोपवले आहे. तेव्हा थळात ते काम पूर्वापार करणाऱ्या ‘पाटकरी’लाही त्या व्यवस्थेत नावानिशी जागा असावी. तिसरी : केळीच्या नोंदींत मृगबाग, कांदेबाग, नवती, पिलबाग हे भेद कायम ठेवावेत. मृगबाग म्हटले की लागवडीचा काळ आपोआप कळतो. ‘केळी’ एवढ्याच नोंदीतून तो कळत नाही.

सामाईक परिभाषा म्हणजे सर्वांनी एकच शब्द बोलणे नव्हे. अहिराणी बोलणारा, लेवा बोलणारा आणि कृषी सहायक एकाच पानावर आपापला शब्द शोधू शकले, म्हणजे ती सामाईक झाली. असे पान आधी गावात वाचून दाखवावे. लोक ज्या शब्दापाशी अडतील, तो तिथेच बदलावा.