पातूरची सरकारी कार्यालये आणि परतीची गाडी

अकोला जिल्ह्यातील सात तालुक्यांपैकी पातूर हा एक. तालुक्याचे हे गाव अकोल्यापासून साधारण तीस किलोमीटरवर, वाशिमकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. अकोला-वाशिम रेल्वेमार्ग बार्शीटाकळीवरून जातो. पातूरला तो लागत नाही. त्यामुळे एस.टी., खासगी प्रवासी गाड्या आणि दुचाकी यांवरच सारी भिस्त. बिऱ्हाड जिल्ह्याच्या ठिकाणी आणि नोकरी तालुक्याला, हे एवढ्या अंतरात सहज जमते. वऱ्हाडात याला ‘अपडाऊन’ म्हणतात.

राज्य शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू केला. त्यापूर्वी केवळ दुसरा व चौथा शनिवार सुटीचा असे आणि मुंबईबाहेरील कार्यालयांची वेळ सकाळी १० ते सायंकाळी ५.४५ होती. नव्या निर्णयाने ती सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ झाली, शिपायांसाठी ९.३० ते ६.३०. दुपारी १ ते २ या वेळेत जेवणासाठी कमाल अर्धा तास. वर्षातील कामाचे दिवस २८८ वरून २६४ वर आले, तर कामाचे तास २०८८ वरून २११२ झाले. पोलीस, शासकीय रुग्णालये, शिक्षणसंस्था आदींना हा निर्णय लागू नाही.

म्हणजे शनिवारची सुटी रोजच्या पाऊण तासाच्या मोबदल्यात मिळाली. या पाऊण तासातील पंधरा मिनिटे सकाळची, तर अर्धा तास संध्याकाळचा आहे. परतीच्या गाडीची ओढ लागते तीही नेमकी याच वेळी. पाचची गाडी गाठण्यासाठी कोणी साडेचारलाच टेबल आवरले, तर वाढीव वेळच नव्हे, मूळ वेळही बुडते. आलेगाव, सस्ती, चान्नीकडून सकाळची कामे उरकून दुपारी तालुक्याला येणाऱ्या शेतकऱ्याला तेवढ्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा खेप पडते आणि मजुरी बुडते ती वेगळीच.

कर्मचाऱ्यांचीही बाजू आहे. मुलांचे शिक्षण, घरातील आजारपण, जोडीदाराची नोकरी आणि निवासस्थानांची वानवा यांमुळे शहर सुटत नाही. शिवाय तलाठी, ग्रामसेवक यांचे काम फिरतीचे. रिकामी खुर्ची म्हणजे गैरहजेरीच असे नाही. मात्र अशा वेळी हालचाल नोंदवहीत नोंद असली पाहिजे.

मुख्यालयी राहण्याचा वाद जुनाच आहे. ग्रामविकास विभागाने ९ सप्टेंबर २०१९ रोजी शिक्षक, ग्रामसेवक व आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मुख्यालयी वास्तव्याबाबत ग्रामसभेचा ठराव आवश्यक ठरविला. २०२२ मध्ये आमदार प्रशांत बंब यांनी हा प्रश्न विधानसभेत मांडल्यावर शिक्षक संघटनांकडून तीव्र प्रतिक्रिया उमटली.

नागरिकाच्या हाती दोन कायदे आहेत. २००५ च्या बदल्यांचे विनियमन व विलंब प्रतिबंध अधिनियमानुसार सर्वसाधारणपणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहू नये. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा हक्क आहे. विलंब झाल्यास अपील करता येते आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. त्यासाठी अर्ज देताना तारखेची पोच घेणे मात्र विसरू नये. पोच नसेल तर मुदत कधी सुरू झाली हे सिद्ध करणे कठीण जाते.